देग उतरल्यानंतर

लग्नाचे किंवा इफ्तारचे जेवण झाले आणि त्याच रात्री मोहल्ल्यातल्या कितीतरी जणांना एकदम जुलाब सुरू झाले, अशी बातमी दर वर्षी कुठून ना कुठून कानावर येतेच. बातमी आली की संशय ठरलेल्या जागी जातो. मटण शिळे असणार, तेल भेसळीचे असणार, पाणी विहिरीचे असणार. बावर्ची बिचारा शपथेवर सांगतो की गोश्त सकाळीच कापून आणले होते आणि देग चांगली उकळून, दम देऊन उतरवली होती. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पण तो अगदी खरे बोलत असण्याची शक्यता पुष्कळ असते. बिघाड चुलीवर झालेलाच नसतो. तो देग उतरल्यानंतर, झाकण लावून ठेवलेल्या तासांत होतो.

हे कसे होते ते कळायचे असेल तर सूक्ष्मजीव वाढतात म्हणजे काय करतात, हे आधी पाहायला हवे.

आपले मूल वाढते म्हणजे उंच होते, वजनाने भरते. जिवाणूची वाढ तशी नसते. तो थोडा लांबट होतो, मधोमध चिमटतो आणि एकाचे दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. अन्न, ओलावा आणि ऊब मनाजोगती मिळाली तर आतड्यात राहणारा ई-कोलाय हा जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. हिशेब मांडून पाहा. एकापासून सुरुवात केली तर एका तासाने फक्त आठ. तीन तासांनी ५१२. इथवर काळजीचे काही वाटत नाही. सात तासांनी वीस लाखांवर, आणि दहा तासांनी १०७ कोटींवर! म्हणजे पहिल्या दोन तासांत जे नगण्य असते तेच रात्रभरात अफाट होते. "तासभर तर बाहेर राहिले होते, काय होते त्याने" आणि "रात्रभर राहिले होते" या दोन वाक्यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ही वाढ अशीच चालू राहत नाही, हेही सांगायला हवे. नव्या जागी आल्यावर जिवाणू सुरुवातीला जरा थबकतात, तिथले अन्न पचवण्याची तयारी करतात. मग दुपटी सुरू होते. पुढे अन्न संपत येते, त्यांनीच सोडलेली आम्ले साचतात, वाढ थांबते आणि शेवटी ते मरू लागतात. स्वयंपाकघरातली आपली सगळी धडपड त्या पहिल्या थबकण्याची मुदत लांबवण्यासाठी असते. सगळे जिवाणू मारून टाकणे घरात शक्य नाही आणि त्याची गरजही नाही.

आता कोणीही विचारेल, देग उकळली तेव्हा सगळे मेलेच असतील ना? मग दुप्पट व्हायला उरले कोण?

हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये जॉन टिंडल या शास्त्रज्ञाला छळत होता. वाळक्या गवताचा काढा तो उकळून बंद करून ठेवी आणि तरी काही दिवसांत तो गढूळ होई. काही काढे तर तासन् तास उकळूनही दाद देईनात. १८७७ च्या सुमारास त्याला उलगडा झाला. काही जिवाणूंना दोन रूपे असतात. एक नेहमीचे, खाणारे-वाढणारे. ते उकळल्यावर मरते. दुसरे, कठीण कवचात निजलेले, ज्याला बीजाणू म्हणतात. उकळते पाणी त्याला मारत नाही. उलट ती ऊब लागून ते जागे होते. टिंडलने मग एकदाच जास्त वेळ उकळण्याऐवजी थोडा वेळ उकळायचे, थांबायचे, जागे झालेल्यांना पुन्हा उकळून मारायचे, अशी युक्ती केली आणि काढा टिकला. त्याच सुमारास जर्मनीत फर्डिनांड कोन आणि रॉबर्ट कॉख यांनी हे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचे वर्णन केले.

धुळीत, मातीत, तांदळाच्या दाण्यावर, मिरी-धण्यासारख्या मसाल्यांत, जनावराच्या आतड्यात असे बीजाणू असतातच. त्यात कोणाचा निष्काळजीपणा नाही. देगेत ते जातात, उकळी सोसतात आणि देग उतरली की त्यांचा दिवस उजाडतो.

यातला मांसाच्या देगेतला मुख्य गुन्हेगार म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. नाव जड आहे, पण ओळख करून घेण्यासारखी आहे. याला हवा नको असते, म्हणजे हवेतला ऑक्सिजन सोसत नाही. उकळल्याने रश्श्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. वर तुपाचा थर, त्यावर झाकण. म्हणजे आपण नकळत त्याच्या पसंतीचे घर बांधून देतो. साधारण १२ ते ५० अंश सेल्सिअसमध्ये तो वाढतो आणि ४३ ते ४६ अंशांच्या आसपास त्याची दुपटी दहा मिनिटांवर येते. ई-कोलायच्या दुप्पट वेग! ग्रॅमभर खिचड्यात असे दहाच जिवाणू जागे झाले असे धरले, तर त्या वेगाने दहा लाखांचा आकडा ओलांडायला सतरा दुपटी पुरतात. सतरा दाहे एकशे सत्तर मिनिटे. तीन तासही नाहीत. आणि दहा लाखांच्या आसपास गेले की खाणाऱ्याला भोवते. जेवल्यानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. ताप आणि उलटी सहसा नसते. धडधाकट माणूस दिवसभरात सावरतो. म्हातारे, लहान मुले आणि मधुमेहाचे रुग्ण यांचे मात्र हाल होतात.

पण देग तीन तास ४५ अंशांवर कशी राहील, ती थंड होत नाही का? कडेने होते, मध्ये नाही. खिचडा, हलीम, दालचा, निहारी हे घट्ट पदार्थ. पातळ पाण्यासारखे ते आतल्या आत फिरत नाहीत, त्यामुळे मधली उष्णता हळूहळू झिरपत बाहेर येते. हात लावून पाहिले तर देग कोमट लागते आणि आपण म्हणतो, निवली. आत मात्र वाफा निघत असतात. यावर एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे : घट्ट पदार्थाच्या थराची जाडी निम्मी केली, तर तो निवायला लागणारा वेळ साधारण चौथाईवर येतो. म्हणून एका मोठ्या पातेल्यात ठेवण्याऐवजी चार पसरट परातींत दोन बोटे जाडीचा थर करून ठेवा. पंखा लावा, परात थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवा. अमेरिकेच्या अन्नसंहितेत मोठ्या स्वयंपाकघरांना असा नियम आहे की शिजलेले अन्न दोन तासांत ५७ वरून २१ अंशांवर आणि एकूण सहा तासांत ५ अंशांवर आले पाहिजे. आपल्या घरी थर्मामीटर नसतो, पण परात तर असते.

अन्न पूर्ण थंड झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये, असे आपल्याकडे पक्के मानतात. कढत पातेले फ्रिजमध्ये ठेवणे बरे नाही हे खरे, शेजारचे दूधही गरम होते. पण त्या सबबीखाली बिर्याणी मध्यरात्रीपर्यंत ओट्यावर राहते, ते त्याहून वाईट. वाफ गेली, भांडे हाताला सोसवू लागले की उथळ डब्यांत भरून आत ठेवावी. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, हा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. आणि गरमच वाढायचे असेल तर ते खरोखर गरम, ६० अंशांच्या वर राहिले पाहिजे. मंद निखाऱ्यावर ठेवलेली देग चालते. गोधडीत गुंडाळलेली कोमट देग चालत नाही.

बिर्याणीतल्या भाताची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि आमच्या मते जास्त महत्त्वाची. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात बाहेर राहिला की ते जागे होऊन वाढतात, आणि वाढता वाढता भातातच एक विष सोडतात. १९७१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये चिनी हॉटेलांत फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या झाल्या, तेव्हा हे प्रकरण उजेडात आले. तिथे भात आदल्या दिवशी उकडून, बाहेर ठेवून, मागणीप्रमाणे कढईत परतत. परतल्याने जिवाणू मरत, विष मात्र तसेच राही. ते विष १२१ अंशांवर दीड तास तापवले तरी टिकते! घरच्या तव्याची काय कथा. म्हणजे परफ्रिंजन्सच्या बाबतीत सालन पुन्हा खळखळून उकळले तर बचाव होऊ शकतो, कारण तो त्याचे विष आपल्या आतड्यात जाऊन तयार करतो. भाताच्या बाबतीत तो दरवाजा बंद आहे. रात्रभर बाहेर राहिलेली बिर्याणी सकाळी कितीही चुरचुरीत परता, उपयोग नाही. अन्न वाया घालवू नये हे आपल्या हाडीमासी भिनलेले आहे आणि ते योग्यच आहे. पण ती काळजी रात्री डबे भरताना घ्यायची, सकाळी ताटात नव्हे.

"वास तर चांगला येतोय" हा आधार कोणी घेऊ नये. अन्नाला आंबूस वास आणणारे, बुळबुळीत करणारे सूक्ष्मजीव वेगळे आणि आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. वास येऊन कळले तर नशीब समजायचे.

इथे एका वेगळ्या स्वयंपाकघराची हकिकत सांगण्याचा मोह आवरत नाही. वर ज्यांचे नाव आले त्या कॉख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत १८८१ साली वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर काम करत होते. जिवाणू वेगवेगळे वाढवून पाहण्यासाठी तेव्हा जिलेटिनचा थर वापरत. उन्हाळ्यात तो वितळून जाई, काही जिवाणू तर जिलेटिनच खाऊन त्याचे पाणी करत. त्यांची पत्नी फॅनी त्यांना प्रयोगात मदत करत असे. हेसे यांनी एकदा तिला विचारले, तुझी जेली आणि पुडिंग या उकाड्यातही घट्ट कशी राहतात? तिने सांगितले की त्यात ती अगर-अगर घालते. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजारणीकडून ती हे लहानपणी शिकली होती. तेच अगर प्रयोगशाळेत गेले आणि आजही जगभर जिवाणू त्याच्याच थरावर वाढवतात. १८८२ मध्ये क्षयाच्या जिवाणूवरच्या आपल्या कामात कॉख यांनी अगरचा उल्लेख केला, फॅनीचा नाही.

हे अगर म्हणजे आपला चायना ग्रास. रमजानमध्ये दुधात उकळून, वर पिस्ते पेरून आपण जो थापतो तोच. समुद्री वनस्पतीपासून निघतो, म्हणून जिलेटिनसारखा तो कशाचा आहे हे विचारावे लागत नाही. सुमारे ८५ अंशांपर्यंत तो वितळत नाही आणि जिवाणूंना सहसा पचत नाही. पण त्यात दूध-साखर घातली की ती मेजवानीच; प्रयोगशाळेतल्या बशीतही हेच करतात, अगरमध्ये जिवाणूंचे अन्न मिसळतात. तेव्हा चायना ग्रास, फिरनी, शीर खुर्मा हे पाहुण्यांच्या वाटेकडे डोळे लावून टेबलावर ठेवायचे पदार्थ नव्हेत.

ऊब आणि वेळ यांच्या खालोखाल महत्त्वाचे दोन : पाणी आणि आंबटपणा. नुसता ओलेपणा नव्हे, जिवाणूला वापरता येईल असे मोकळे पाणी. मीठ आणि साखर ते पाणी धरून ठेवतात. रत्नागिरी-रायगडकडची सुकट, सोडे, बोंबील आणि आवळ्याचा मुरंबा एकाच तत्त्वावर टिकतात. कुर्बानीच्या गोश्तच्या पट्ट्यांना मीठ-हळद चोळून दोरीवर वाळवण्याची जुनी रीत हीच. मात्र वाळवण पावसाळी हवेत पुन्हा ओलावा ओढून घेते, आणि बुरशीला जिवाणूंपेक्षा कमी पाणी पुरते. म्हणून सुक्या मासळीवर आधी बुरशीच दिसते. मीठ सोसणारा एक जिवाणूही आहे, स्टॅफिलोकोकस. तो आपल्याच नाकात, हातावरच्या फोडांत राहतो. बोटाला कापलेले असेल तर कबाबाचा खिमा दुसऱ्या कोणी मळावा, हे सांगण्याचे कारण तोच. त्याचेही विष शिजवून जात नाही.

आंबटपणाचा फायदा आपण रोज घेतो. दुधात विरजण घातले की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल सोडतात, दूध घट्ट होते आणि त्या आंबट घरात बहुतेक उपद्रवी जिवाणूंना जागा उरत नाही. थंडीत दही लागत नाही ते याच कारणाने, आपल्या या कामकरी जिवाणूंनाही ऊब लागते. पण दही लावलेले मांस सुरक्षित झाले असे समजू नये. मॅरिनेट केलेले चिकन रात्रभर ठेवायचे तर फ्रिजमध्येच.

इफ्तारच्या फळांचेही तसेच. अननस आणि मोसंबी आंबट, ती थोडा वेळ निभावून नेतात. कलिंगड, खरबूज आणि पपई गोड व पाणीदार, आंबटपणा नावाला. सालीवरची माती सुरीबरोबर गरात उतरते. म्हणून कलिंगड न कापता आधी बाहेरून धुवावे, आणि अजानच्या आधी अर्धा-पाऊण तास कापावे. असरच्या आधी कापून ठेवायची घाई करू नये. शरबतातल्या बर्फाबद्दल एकच सांगतो : गोठल्याने जिवाणू मरत नाहीत, निजतात. पाणी ज्या दर्जाचे, बर्फ त्याच दर्जाचा.

हीच गोष्ट कुर्बानीच्या गोश्तला लागू आहे. २०२४ ची बकरी ईद १७ जूनला आली, २०२५ ची ७ जूनला. म्हणजे ऐन उकाड्यात. बकऱ्याच्या अंगाचे तापमान ३९ अंशांच्या आसपास असते. निरोगी जनावराच्या मांसाच्या आत जिवाणू जवळपास नसतात. ते येतात कातड्यावरून, आतड्यातून, सुरीवरून, ठोकळ्यावरून. जितके तुकडे तितका पृष्ठभाग, आणि खिम्यात तर पृष्ठभागच सगळीकडे मिसळलेला. दोन-तीन घरांचे कोमट हिस्से एकाच मोठ्या पिशवीत कोंबून फ्रीजरमध्ये ठेवले, तर मधला गोळा गार व्हायला रात्र जाते आणि फ्रिज बिचारा धापा टाकतो. एकेका वेळेपुरत्या चपट्या पिशव्या कराव्यात, मध्ये हवा खेळायला जागा ठेवावी, आणि वितळवायचे ते ओट्यावर नव्हे, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात. वाटायचे हिस्से जितक्या लवकर घराबाहेर पडतील तितके बरे. उणे १८ अंशांत वाढ थांबते. नुसत्या फ्रिजच्या ४-५ अंशांत ती मंदावते, थांबत नाही. लिस्टेरिया नावाचा एक जिवाणू तर फ्रिजमध्येही सावकाश वाढत राहतो, आणि तो गरोदर बाईच्या पोटातल्या बाळासाठी धोक्याचा असतो. म्हणून अशा सुनेच्या किंवा लेकीच्या ताटात तीन-चार दिवसांचे फ्रिजमधले वाढू नये, वाढलेच तर चांगले उकळून.

"आमच्या वेळी कुठे होते फ्रिज? कोणाला काय झाले?" असे घरातली बुजुर्ग मंडळी म्हणतातच. दादी-नानींचा अनुभव आम्ही हलका मानत नाही. पण त्या काळी जेवढे लागेल तेवढेच शिजे, उरलेले त्याच वेळी शेजारी जाई, गोश्त संध्याकाळच्या आत वाटून किंवा वाळवून संपे. फ्रिज नव्हता म्हणूनच साठवण नव्हती. आता रविवारी शिजवलेले सालन गुरुवारपर्यंत पुरवायचे, दिवसातून चार वेळा बाहेर काढायचे, आणि लोडशेडिंगमध्ये फ्रिज तासन् तास बंद, ही रीत दादींची नाही. मशिदीत किंवा मोहल्ल्यात इफ्तारची पाकिटे वाटणाऱ्या तरुणांनीही इथे लक्ष द्यावे. सकाळी अकराला शिजलेला पुलाव दुपारी डब्यांत गच्च भरला आणि मगरिबनंतर उघडला, तर आठ तास होतात. शिजवण्याची वेळ पुढे ढकलणे कटकटीचे आहे, बावर्ची कुरकुर करतो, पण दुसरा उपाय नाही. सहेरीसाठी संध्याकाळी केलेल्या सालनाचेही गणित तेच.

एवढे करूनही कोणाला जुलाब लागले, तर घाबरून दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणू नयेत. अशा बहुतेक आजारांत त्यांचा उपयोग नसतो. अंगातले पाणी आणि क्षार भरून काढणे हाच खरा इलाज. औषधाच्या दुकानात ओआरएसची पुडी मिळते. ती नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर मुलाला अपाय होतो. घोट-घोट पाजावे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. तान्ह्या बाळाचे दूध तोडू नये. शौचात रक्त दिसले, ताप चढला, पाणीही पोटात ठरेना, लघवी फार कमी झाली किंवा मूल मलूल पडून डोळे खोल गेले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि केलेले ते साखर-मिठाचे पाणी झाकून ठेवावे, चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे आणि नवे करावे. साखर, पाणी आणि खोलीतली ऊब. त्यातही तेच सुरू होते.